झेब्राफिशच्या भ्रूणात जनुक बंद करताय? या चुका टाळा

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की मी आधी नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरचा थर्मामीटर बघते. एका हिवाळ्यात आमच्या विद्यार्थिनीने कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी जनुकाला हात न लावलेल्या झेब्राफिश माशाच्या अंड्यांची डिश 28.5 अंशांना ठेवली आणि जनुक बंद करायचं इंजेक्शन दिलेली अंडी टेबलावरच राहिली. 24 तासांनी त्यांत सोमाइट, म्हणजे पाठीलगत उमटणारे स्नायूंचे खंड, कमी दिसले. जनुकाचा परिणाम म्हणून तिने वहीत नोंदही केली! 28.5 अंशांची 24 तासांची वाढ 25 अंशांवर गाठायला जवळपास 30 तास लागतात. वय घड्याळावर ठरवू नका, सोमाइट मोजा.

याहून मोठी चूक निष्कर्षाची. जनुक काढलं, पिल्लू धडधाकट निघालं, की मुलं लिहितात, ‘या जनुकाचं काम नाही.’ अहो, भावंडाने, म्हणजे त्याच घराण्यातल्या मिळत्याजुळत्या जनुकाने, ते काम उचललं असेल! स्नायू घडवणाऱ्या जनुकांपैकी एकटं एमवायएफ-5 गेलं तर भ्रूणाचे स्नायू बहुतांशी तयार होतात. त्याचं भावंड ‘मायोडी’ हेही गेलं की कंकाल स्नायू बनतच नाहीत. त्यातून माशांच्या पूर्वजांत सगळा जनुकसंच एकदा दुप्पट झालेला. शरीराचा कुठला भाग कुठे घडायचा ते ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचे समूह माणसात 4, झेब्राफिशमध्ये 7. म्हणून आधी भावंडांची यादी करा आणि ती त्याच ऊतीत, त्याच वेळी चालू आहेत का ते बघा.

आईची शिदोरीही विसरू नका. हॉक्स प्रथिनांना डीएनएवर नेमकी जागा धरायला पीबीएक्स या प्रथिनांची जोड लागते. भ्रूणाचं स्वतःचं पीबीएक्स-4 बिघडलं तरी आईने अंड्यात भरलेलं पीबीएक्स-4 आणि भावंड पीबीएक्स-2 मागच्या मेंदूला बराच सावरून धरतात. हे सगळे आधार काढले की त्या मेंदूचे 2 ते 6 हे खंड पहिल्या खंडासारखे होतात. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. कोण कोणाला धरून होतं ते त्यात उघड दिसतं.

मॉर्फोलिनोचा, म्हणजे जनुकाचं काम तात्पुरतं अडवणाऱ्या कृत्रिम रेणूचा, डोस वाढवला की पेशींना मरायला लावणारं पी53 हे प्रथिन जागं होऊन पेशी मरतात. तो परिणाम तुमच्या जनुकाच्या नावावर घालू नका. उलट म्युटंटमध्ये, म्हणजे ज्याच्या डीएनएतच जनुक बिघडवलंय त्या माशात, काहीच दिसलं नाही, तर त्या जनुकाचा बिघडलेला आरएनए तुटताना त्याच्याशी मिळत्याजुळत्या जनुकांचं काम वाढलंय का ते तपासा. वाढलं असेल तर प्रमोटरच, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडाच, कापलेला म्युटंट करून बघा. आरएनए बनलाच नाही, तर ही भरपाई सुरू होत नाही.