परदेशातून गाडी कोल्हापुरात आणताना : या चुका टाळा

परदेशात काही वर्षे नोकरी करून कोल्हापूरला कायमचे परतणाऱ्या कुटुंबांपुढे घरसामानाबरोबर गाडीचाही प्रश्न उभा राहतो. जपून वापरलेली गाडी मिळेल त्या किमतीला विकून यायचे जिवावर येते आणि कंटेनरमधून तीही आणावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या व्यवहारातल्या बहुतेक चुका मुंबईच्या बंदरावर किंवा ताराबाई पार्कातल्या आरटीओ कार्यालयात होत नाहीत. त्या गाडी जहाजावर चढण्याआधीच झालेल्या असतात, इथे फक्त उघडकीस येतात. ज्यांची गाडी अजून तिकडेच उभी आहे, त्यांना पुढील मजकुराचा सर्वाधिक उपयोग होईल.

गाडीला घरसामान समजणे

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे. मुक्काम हलवून भारतात परतणाऱ्यांना ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’खाली फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर शुल्काची सवलत मिळते, त्यामुळे गाडीही त्याच यादीत बसत असेल असे अनेकजण गृहीत धरतात. ती बसत नाही. परतणाऱ्या व्यक्तीला एक मुभा आहे, पण ती शुल्कात नसून आयातीच्या काही अटींमध्ये आहे, आणि तीही पूर्ण सीमाशुल्क भरल्यावरच मिळते. त्यासाठी परदेशात सलग दोन वर्षे वास्तव्य झालेले असावे लागते, कायमच्या वास्तव्यासाठी परत येत असावे लागते आणि गाडी परदेशात किमान एक वर्ष स्वतःच्या ताब्यात असावी लागते. अशी गाडी पुढे दोन वर्षे विकता येत नाही आणि तशी नोंद आरसीवर केली जाते.

यातली एक वर्षाची अट अनेकांना नडते. परतायचे ठरले की जुनी गाडी देऊन चांगली नवी घ्यावी आणि तीच घरी न्यावी, असा विचार केला जातो, आणि परतीच्या वेळी त्या गाडीला तीन-चार महिनेही झालेले नसतात. तसेच गाडी कंपनीच्या नावावर किंवा लीजवर असेल, तर ती रोज आपणच चालवत होतो हे सांगून उपयोग होत नाही. ताबा कागदावर दिसावा लागतो. नोंदणीपत्र, खरेदीची पावती, विमा आणि पासपोर्टवरील प्रवासाच्या नोंदी या चार गोष्टींतल्या तारखा एकमेकींशी जुळतात की नाही, हे शिपिंग कंपनीला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी एका कागदावर मांडून पाहावे.

नातेवाइकाने तिकडे घेतलेली गाडी भेट म्हणून इकडे पाठवण्याचा विचारही बऱ्याच घरांत होतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बक्षीस मिळालेली गाडी किंवा परदेशी राहणाऱ्या मृत नातेवाइकाकडून वारसाहक्काने आलेली गाडी यांसाठी धोरणात जागा आहे. काकांनी प्रेमाने दिलेल्या गाडीसाठी मात्र नाही.

स्टिअरिंग, स्पीडोमीटर आणि गाडीचे वय

ही मुभा लागू होत नसेल, तर वापरलेल्या गाडीला आयातीच्या सर्वसाधारण अटी लागू होतात. गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये असावा, हेडलाइट डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला योग्य असावेत, आणि आयातीनंतर किमान पाच वर्षे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य राहील व तिच्या सर्व्हिसची सोय होईल याची हमी असावी. जहाजावर चढवण्यापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र लागते, वापरलेल्या गाड्यांसाठी मुंबई हेच बंदर ठरवून दिलेले आहे, आणि गाडी इथे उतरल्यावर ती सोडवण्याआधी पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची (पूर्वीचे अहमदनगर) व्हीआरडीई अशा संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते.

तीन वर्षांची मोजदाद उत्पादनापासून होते, नोंदणीपासून नव्हे. शोरूममध्ये आठ महिने उभी राहिलेली गाडी घेतली असेल, तर ते आठ महिने आधीच खर्ची पडलेले असतात. उत्पादनाचा महिना आणि वर्ष दाखवणारे पत्र निर्मात्या कंपनीकडून तिथेच असताना मागून घ्यावे.

स्टिअरिंगची अट आखातातून परतणाऱ्यांसाठी निर्णायक आहे. दुबई, दोहा, रियाध इथल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते, अमेरिका आणि जर्मनीतल्या गाड्यांचेही तसेच. गाडी आणू, मग उद्यमनगरात स्टिअरिंग फिरवून घेऊ, हा हिशेब धोक्याचा आहे. उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हाताला काय जमते हे कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही, पण आयातीची अट गाडी बंदरावर येते त्या क्षणी तपासली जाते, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, जपान, केनिया इथल्या गाड्यांना ही अडचण येत नाही. इंग्लंडच्या गाडीची डायल मात्र जरूर पाहावी : तिथे मोठे आकडे मैलांचे असतात आणि किलोमीटरचे आकडे आतल्या बाजूला बारीक अक्षरात असतात. डिजिटल डायल किलोमीटरवर नेता येत असेल, तर ते गाडी पाठवण्यापूर्वीच करून घ्यावे.

शुल्काचा हिशेब अर्धाच करणे

‘दीडपट कर लागतो’ अशी ऐकीव माहिती घेऊन बजेट ठरवले जाते आणि तिथेच घोटाळा होतो. फेब्रुवारी 2025 पासून वापरलेल्या मोटारगाडीवर मूळ सीमाशुल्क 70 टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर 67.5 टक्के, असे मिळून 137.5 टक्के लागतात. पूर्वी 125 टक्के शुल्क आणि त्यावर अधिभार होता. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात शुल्क उतरल्याच्या बातम्या वाचून अनेकांना गाडी स्वस्त झाली असे वाटले, पण वापरलेल्या गाडीची बेरीज जिथल्या तिथेच राहिली. त्यानंतर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, येतो, आणि तो मूळ किमतीवर नव्हे तर किंमत अधिक शुल्क या बेरजेवर आकारला जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंत पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाड्यांना 18 टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांना 40 टक्के दर आहे.

दुसरा घोटाळा किमतीचा. आपण गाडी तिथे सेकंडहँड घेतली असेल, तरी सीमाशुल्क विभाग आपल्या पावतीवर थांबत नाही. नवी असतानाची निर्मात्याची किंमत धरून त्यातून घसारा वजा करण्याची पद्धत आहे : पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी 2.5 आणि पुढे 2 टक्के, एकूण जास्तीत जास्त 70 टक्के. त्यात जहाजभाडे आणि विमा मिळवला जातो.

समजा, नवी असताना 20 लाख रुपयांची असलेली मोठी गाडी पूर्ण दोन वर्षे वापरली आहे. घसारा 28 टक्के, म्हणजे 14,40,000 रुपये उरले. भाडे आणि विमा 1,60,000 धरला तर निर्धारणयोग्य मूल्य 16 लाख झाले. त्यावर 137.5 टक्क्यांप्रमाणे 22 लाख, मिळून 38 लाख. या 38 लाखांवर 40 टक्के आयजीएसटी 15,20,000. म्हणजे बंदराच्या फाटकाबाहेर पडताना गाडी 53,20,000 रुपयांना पडली, आणि त्यातले 37,20,000 केवळ कराचे. हा आकडा घरातल्या सर्वांसमोर ठेवून मग निर्णय घ्यावा. माझ्या मते, गाडीशी काही खास नाते किंवा तिच्यात काही खास सोय नसेल, तर बहुतेक कुटुंबांनी ती तिकडेच विकून यावे.

रुपयांत हिशेब करताना बँकेचा दर न घेता सीमाशुल्कासाठी अधिसूचित झालेला दर घ्यावा. तसेच जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारावर विसंबून घरच्या गाडीचे बेत आखू नयेत. त्यातली मोटारींची सवलत कोट्यात बांधलेली आणि उत्पादनाच्या उगमाशी जोडलेली आहे. वापरलेली गाडी तिच्यात आपोआप बसत नाही.

किंमत कमी दाखवण्याचा सल्ला देणारा एखादा एजंट भेटतोच. सही आपली असते आणि जबाबदारीही आपलीच. कमी भरलेले शुल्क सीमाशुल्क कायद्याच्या कलम 28 खाली एरवी दोन वर्षांपर्यंत, आणि माहिती दडवली असेल तर पाच वर्षांपर्यंत मागता येते. त्यावर व्याज आणि बुडवलेल्या शुल्काइतका दंडही लागू शकतो.

कागद मागे राहणे आणि एक अक्षर चुकणे

तिकडची नोंदणी निर्यातीसाठी रद्द केल्याचा पुरावा, कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र, मूळ खरेदी पावती आणि नोंदणीपत्र हे सर्व हातातल्या बॅगेत असावे. ते गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून कंटेनर बंद केला, तर कागदांशिवाय कंटेनर सुटत नाही आणि कंटेनर सुटल्याशिवाय कागद मिळत नाहीत. उतरलेला माल 30 दिवसांत सोडवला नाही, तर तो विकण्याचा अधिकार कायद्याच्या कलम 48 खाली मिळतो, आणि दरम्यान डेमरेज, म्हणजे माल बंदरावर पडून राहिल्याचे भाडे, चढत जाते. उशीर होणार असे दिसताच कलम 49 खाली माल सार्वजनिक गोदामात ठेवण्याची परवानगी मागावी.

आता एक बारीक गोष्ट. चेसिस क्रमांकात 17 अक्षरे-अंक असतात आणि त्यांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांशी गल्लत करतात. तरीही बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे भरायचा आयातीचा कागद, टाइप करताना शून्याच्या जागी ओ पडतो. बंदरावर ते कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे आरटीओत चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतला जातो, तो बिल ऑफ एंट्रीशी जुळत नाही आणि फाइल तिथेच थांबते. मग कोल्हापूरहून पुन्हा मुंबई, कलम 149 किंवा 154 खाली दुरुस्तीचा अर्ज आणि त्याची वाट पाहणे. गाडी सोडवण्याआधी बिल ऑफ एंट्रीची प्रत हातात घेऊन बॉनेटखालच्या पट्टीवरचा क्रमांक एकेक अक्षर बोट ठेवून वाचावा. एकाने वाचावे, दुसऱ्याने तपासावे.

आरटीओत पोहोचल्यावर

बंदरावरून गाडी चालवत थेट कोल्हापूर गाठू नये. विमा आणि तात्पुरती नोंदणी असल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी काढणे गुन्हा आहे. त्याऐवजी कार कॅरिअरवरून आणणे अनेकदा सोपे पडते. एमएच 09 क्रमांकासाठी फॉर्म 20 या नोंदणीच्या अर्जाबरोबर सीमाशुल्क भरल्याचा दाखला, विमा, पत्त्याचा पुरावा आणि चाचणीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. नोंदणी फी आयात मोटारीसाठी 5,000 आणि आयात दुचाकीसाठी 2,500 रुपये आहे. 15 वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला आयात मोटारीसाठी 40,000 रुपये लागतात, हेही आधीच माहीत असावे.

खरा भार वन टाइम टॅक्सचा, म्हणजे नोंदणीच्या वेळी एकदाच भरायच्या वाहन कराचा, आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला किमतीनुसार 11 ते 13 टक्के कर लागतो, म्हणून तोच दर आपल्यालाही लागेल असे धरले जाते. आयात गाडीला तो सरसकट 20 टक्के आहे, आणि जुलै 2025 पासून त्याची कमाल मर्यादा 30 लाख रुपये आहे. गाडीची किंमत शुल्कासह धरली जात असल्याने वरच्या उदाहरणात 53,20,000 वर 10,64,000 रुपये कर होईल आणि गाडी दारात येईपर्यंत खर्च 63,84,000 वर जाईल. हा कर टाळण्यासाठी दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी पत्त्यावर नोंदणी करून गाडी कोल्हापुरात वापरण्याची युक्ती सुचवली जाते. खोटा पत्ता देणे हाच मुळात गुन्हा आहे आणि गाडी इथे वापरात आली की कर इथे द्यावाच लागतो.

कार्नेवर, म्हणजे गाडी तात्पुरती दुसऱ्या देशात नेण्याच्या आंतरराष्ट्रीय कागदावर, आणलेल्या गाडीबाबत एवढेच सांगावेसे वाटते, की ती सहा महिन्यांसाठी शुल्काशिवाय येते ती परत जाण्यासाठीच. तिची इथे नोंदणी होत नाही आणि विक्रीही होत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची वाट तर पूर्ण वेगळी आहे. दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक पाहत मोठ्या झालेल्या या शहरात जुन्या गाड्यांची हौस असणारच, पण 2021 च्या नियमांखाली मिळणारी ‘व्हीए’ मालिकेतली नोंदणी 20,000 रुपये फी भरून दहा वर्षांसाठी असते आणि अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते.

इथेच आयात गाडी विकत घेणाऱ्यांनी

आरसी खरी आहे म्हणजे गाडी निर्धोक आहे, असे समजू नये. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ नावाची कारवाई केली, तेव्हा भूतानमधून शुल्क न भरता आणलेल्या आणि बनावट कागदांवर इतर राज्यांत नोंदवलेल्या गाड्यांचा शोध घेण्यात आला. अशी गाडी सध्याच्या मालकाने पूर्ण पैसे मोजून घेतलेली असली, तरी जप्त होऊ शकते. त्यामुळे विक्रेत्याकडून मूळ बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याचे चलन मागावे, त्यावरचा चेसिस क्रमांक गाडीशी जुळवावा, आणि आरसीवर दोन वर्षे न विकण्याची नोंद असेल, तर ती मुदत संपली आहे का हे पाहावे. मूळ कागद हरवले आहेत, झेरॉक्स चालेल, असे उत्तर मिळाले तर टोकनची रक्कमही देऊ नये.