अमेरिकेत पहिली नवी गाडी घेताय? या चुका टाळा

जानेवारीतला शनिवार होता. न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका शोरूममध्ये आम्ही सकाळी अकराला शिरलो आणि बाहेर पडलो तेव्हा अंधार झाला होता. अडीच वर्षांची मुलगी खुर्चीतच झोपून गेली होती. शेवटच्या तासाला आम्हाला काचेच्या एका लहानशा केबिनमध्ये नेलं. समोरच्या माणसानं टेबलावर हातभर लांबीचा कागद पसरला आणि जिथे जिथे सही हवी तिथे तिथे तो फुल्या मारत गेला. बायकोनं हळूच विचारलं, "अहो, हे बावीसशे पंच्याण्णव कसले?" मी म्हटलं, "वॉरंटीचे असतील, सगळेच घेतात." हप्ता ठरला होता तेवढाच दिसत होता, म्हणून मी सही केली.

घरी येऊन कागद नीट वाचला. वॉरंटी २,२९५ डॉलर, गॅप कव्हर (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विम्याची रक्कम आणि शिल्लक कर्ज यांतला फरक भरणारं) ८९५, रंगाच्या संरक्षणाचा लेप ७९९. एकूण ३,९८९ डॉलरच्या वस्तू आत घातलेल्या. आणि तरीही हप्ता तेवढाच कसा राहिला? बोलणं साठ महिन्यांचं झालं होतं, कागदावर बहात्तर होते.

त्यानंतर नव्यानं आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींबरोबर मी शोरूममध्ये जाऊन बसलो आहे. कुणी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेलं, कुणी शिक्षण संपवून नोकरीला लागलेलं. चुका थोड्याफार त्याच होतात, आणि त्यांतली सगळ्यात महाग चूक पहिल्या पाच मिनिटांत होते.

"महिन्याला किती बसेल?" या प्रश्नाचं उत्तर देऊ नका

विक्रेता चहा-कॉफी विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: महिन्याला किती परवडेल? आपण प्रामाणिकपणे सांगतो, साडेपाचशेपर्यंत. तिथून पुढे गाडीची किंमत, व्याजदर, मुदत आणि आपल्या माथी मारायच्या वस्तू, हे सगळं त्या साडेपाचशेत बसवता येतं.

आकडे बघा. ३२,००० डॉलरचं कर्ज ९ टक्क्यांनी ७२ महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ५७७ डॉलर आणि एकूण व्याज सुमारे ९,५०० डॉलर. तेच कर्ज ४८ महिन्यांत फेडलं तर हप्ता ७९६ वर जातो, पण व्याज ६,२०० च्या आसपास राहतं. आता मुदत ७२ महिनेच ठेवून दर ९ ऐवजी ७ टक्के केला, तर हप्ता फक्त ३१ डॉलरनं उतरतो. महिन्याला ३१ डॉलर कुणाच्या डोळ्यात भरत नाहीत, पण सहा वर्षांत ते २,२५० डॉलर होतात. बँकेनं दिलेल्या दरावर डीलर स्वतःची भर घालून तुम्हाला दर सांगू शकतो आणि मधला फरक त्याला मिळतो. हा व्यवहार कायदेशीर आहे. म्हणूनच दर विचारायचा, तो दुसऱ्या बँकेच्या दराशी ताडून बघायचा.

मागायची ती एकच गोष्ट: "आउट-द-डोअर" किंमत, तीही लेखी, ईमेलवर. म्हणजे गाडी, कर, नोंदणी, कागदपत्रांचं शुल्क, सगळं धरून दाराबाहेर पडताना द्यायची रक्कम. तीन-चार डीलरांकडून ती मागवा, घरबसल्या. जो ईमेलवर आकडा द्यायला तयार नसतो आणि "तुम्ही या तर खरं" म्हणत राहतो, त्याच्याकडे जाण्यात वेळ घालवू नका.

काचेवरच्या दोन कागदांतला फरक

नव्या गाडीच्या काचेवर जो मोठा छापील कागद असतो त्याला मनरोनी स्टिकर म्हणतात. १९५८ च्या संघीय कायद्यानं तो सक्तीचा झाला. तो कायदा आणणाऱ्या ओक्लाहोमाच्या सिनेटरचं, माइक मनरोनी यांचं नाव त्याला पडलं. कंपनीनं सुचवलेली किंमत, कारखान्यातून बसवून आलेल्या सोयी, वाहतूक खर्च आणि गाडीची अंतिम जुळणी कुठे झाली, हे सगळं त्यावर असतं. वाहतूक खर्च त्या कागदावर छापलेला असेल तर त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. पण वेगळ्या ओळीनं तो पुन्हा लावला असेल तर तिथेच थांबवा.

पुष्कळदा त्याच्या शेजारी तसाच दिसणारा दुसरा, अरुंद कागद चिकटवलेला असतो. तो डीलरचा. टायरमध्ये नायट्रोजन, काचेवर कोरलेला व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक), दाराच्या कडांना पट्ट्या, रंगावर लेप, आणि मागणी असलेल्या मॉडेलवर "मार्केट अॅडजस्टमेंट" नावाची सरळ वाढीव रक्कम. नायट्रोजनचंच घ्या: साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हा दुसरा कागद वजा करून बोलणी सुरू करा.

कागदपत्रांचं शुल्क, म्हणजे डॉक फी, राज्याराज्यांत वेगळी. काही राज्यांनी तिला कमाल मर्यादा घातली आहे. न्यू जर्सीत तशी मर्यादा नाही, त्यामुळे एकाच शहरातल्या दोन डीलरांत शेकडो डॉलरचा फरक पडू शकतो. ती कमी करायला डीलर सहसा तयार होत नाही, पण तेवढी रक्कम गाडीच्या किमतीत कमी करून मागता येते.

एक सोपी गोष्ट सांगतो. न्यू जर्सीत रविवारी गाड्यांची विक्री कायद्यानं बंद असते. रविवारी दुपारी डीलरच्या आवारात चक्कर मारा. मागे लागणारं कुणी नसतं, दोन्ही कागद शांतपणे वाचता येतात, फोटो काढता येतात. मी अजूनही सोबतच्या लोकांना आधी रविवारीच घेऊन जातो.

क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून मिळेल ते कर्ज घेणं

पुण्यात पगार उत्तम होता, गृहकर्ज वेळेवर फेडलं होतं, पण इथल्या एक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन कंपन्यांच्या दफ्तरी त्याची नोंद नसते. तुमचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे या नोंदींवरून मिळणारे गुण, वाईट नसतो, तो नसतोच. डीलर मात्र या दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगतो आणि दोन आकडी दर पुढे करतो.

शोरूममध्ये जायच्या आधी स्वतःच्या बँकेत आणि एखाद्या क्रेडिट युनियनमध्ये (सभासदांच्या सहकारी पतसंस्थेत) कर्जाची पूर्वमंजुरी मागा. पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल ती प्रवेशनोंद), नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा सोबत ठेवा. काही वाहन कंपन्यांच्या कर्जशाखा नव्यानं आलेल्या परदेशी नोकरदारांसाठी वेगळ्या अटींवर कर्ज देतात, तेही विचारा. दोन-चार ठिकाणी अर्ज केल्यानं स्कोअर बुडेल या भीतीनं लोक एकाच ठिकाणी अडकतात. चौदा दिवसांच्या आत केलेल्या वाहनकर्जाच्या चौकश्या फायको या प्रचलित क्रेडिट स्कोअरमध्ये एकच धरल्या जातात. सगळे अर्ज एका आठवड्यात उरका.

काही बँका व्हिसाच्या मुदतीपलीकडे कर्ज देत नाहीत. आय-९४ वर चौदा महिने उरले असतील आणि मुदतवाढ तोंडावर असेल, तर नवा आय-७९७ (मुदतवाढ मंजूर झाल्याचं पत्र) हातात येईपर्यंत जुनी गाडी किंवा भाड्याची गाडी चालवणं स्वस्त पडतं.

आपल्या मराठी माणसांची एक खास अडचण इथे येते. पासपोर्टवर पहिल्या नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. बँक ते मधलं नाव धरते, लायसन्सवर ते पहिल्या नावाला चिकटून येतं, क्रेडिट कार्डावर नुसतं आद्याक्षर असतं. मग तुमची नोंद जुळत नाही आणि अर्ज अडकतो. सोशल सिक्युरिटी कार्ड, लायसन्स, बँक खातं आणि गाडीचं टायटल (मालकीचा दाखला), सगळीकडे नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे ना, हे सही करण्याआधी तपासा. नंतर टायटलवरचं नाव दुरुस्त करण्यात सुट्ट्या जातात.

विमा शेवटी बघणं

गाडी पसंत पडली, पैसे ठरले, आणि मग कळतं की विम्याचा हप्ता गाडीच्या हप्त्याच्या निम्मा आहे. भारतात पंधरा वर्षं गाडी चालवली असली तरी बऱ्याच विमा कंपन्या तुम्हाला नवखा चालक धरतात. काही कंपन्या परदेशातला अनुभव मोजतात; फोन करून स्पष्ट विचारा. ज्या दोन-तीन मॉडेलांवर मन आहे त्यांचे दर आधी काढून ठेवा.

न्यू जर्सीत १ जानेवारी २०२६ पासून किमान मर्यादा वाढल्या: एका व्यक्तीच्या इजेसाठी ३५,००० डॉलर, एका अपघातासाठी ७०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५,०००. तरी किमान विम्यावर समाधान मानू नका. या रस्त्यांवर पुढची गाडी पन्नास हजारांची असणं अगदी नेहमीचं आहे, आणि वरचा फरक तुमच्या खिशातून जातो. कर्ज असलं की बँक कोलिजन (टक्करीतल्या नुकसानीचा) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, गारपीट वगैरेंचा) विमा मागतेच. गॅप कव्हर हवं असेल तर डीलरच्या केबिनमध्ये घेण्याआधी विमा कंपनीकडे त्याची किंमत विचारा. तिथे ते बहुधा बरंच स्वस्त असतं.

जुन्या माहितीवर हिशेब मांडणं

इलेक्ट्रिक गाडीवर ७,५०० डॉलरची संघीय करसवलत मिळते, असं अजूनही व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतं. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना नाही. उलट एक नवी तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते: २०२५ ते २०२८ या वर्षांत, अंतिम जुळणी अमेरिकेत झालेल्या नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज, वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा करता येतं. उत्पन्नाची मर्यादा आहे आणि लीजला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्यानं घेतलेल्या गाडीला, ते लागू नाही. आपण त्यात बसतो का, हे सीपीएला (हिशेब आणि कर बघणाऱ्या लेखापालाला) विचारा. गाडी कुठे जुळवली ते मनरोनी स्टिकरवर असतंच. शिवाय व्हीआयएन १, ४ किंवा ५ नं सुरू होत असेल तर ती अमेरिकेतली, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको, इंग्रजी J म्हणजे जपान.

डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही म्हणून तिकडून गाडी आणायचा बेतही दर वर्षी कुणीतरी करतं. कर नोंदणीच्या राज्याचा लागतो. न्यू जर्सीत राहत असाल तर इथले ६.६२५ टक्के भरावेच लागतात.

चूक होऊन गेली असेल तर

"तीन दिवसांत गाडी परत करता येते" हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. संघीय कायद्यातला तीन दिवसांचा नियम डीलरच्या कायमच्या शोरूममध्ये केलेल्या खरेदीला लागू होत नाही. सही झाली की गाडी तुमची.

पण केबिनमध्ये घेतलेल्या वस्तू ही वेगळी बाब आहे. वाढीव वॉरंटी आणि गॅप कव्हर हे स्वतंत्र करार असतात आणि बहुतेक रद्द करता येतात. करार शोधा, त्यातलं रद्द करण्याचं कलम वाचा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. माझे ते दोन्ही रद्द झाले. डीलरकडे चार फेऱ्या आणि दोन पत्रं लागली. परतावा हातात येत नाही, कर्जाच्या शिल्लक रकमेतून वजा होतो, त्यामुळे हप्ता तोच राहतो आणि मुदत कमी होते. बँकेच्या खात्यात जमा दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. लेपाचे पैसे गेले ते गेले, कारण तो लावून झाला होता.

व्याजदर जास्त लागला असेल तर वर्षभर हप्ते वेळेवर भरा, स्कोअर तयार होऊ द्या आणि दुसऱ्या बँकेकडे ते कर्ज नव्या दरानं वळवा. मुदत मात्र पुन्हा ताणू नका.

आणि एक प्रसंग, ज्यात नवी माणसं घाबरून जातात. शनिवारी गाडी घरी येते, पुढच्या बुधवारी फोन येतो: "तुमचं कर्ज मंजूर झालं नाही, येऊन नवे कागद सही करा." नवा दर अर्थातच चढा असतो. व्हिसावर आहोत, काही कायदेशीर भानगड होईल का, या धास्तीनं लोक धावत जाऊन सही करतात. तसं करू नका. तुम्ही सही केलेल्या कागदांत "कर्ज मंजुरीच्या अधीन" असं कलम आहे का ते बघा. ते असलं, तरी नव्या अटी मान्य करायलाच हव्यात असं नाही. गाडी परत करून भरलेली रक्कम परत मागा. कर्ज न मिळाल्यानं गाडी परत करणं हा दिवाणी व्यवहार आहे, गुन्हा नव्हे.

परतीचा दिवस आजच धरून ठेवा

एच-वन-बीवर असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवसांची सवड मिळते. तेवढ्यात घर, मुलांची शाळा आणि गाडी, सगळं आवरायचं असतं. म्हणून तीन वर्षांच्या लीजकडे मी नव्या माणसांना सहसा जाऊ देत नाही. ती मध्येच मोडायला फार पैसे लागतात. स्वतःच्या गाडीवर कर्ज असलं तरी ती विकता येते, फक्त शिल्लक कर्ज गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त नको. बहात्तर महिन्यांच्या कर्जात पहिली दोन-तीन वर्षं ते जास्तच असण्याची शक्यता मोठी. डाउन पेमेंट भरघोस आणि मुदत ४८ महिने, एवढं जमत नसेल तर खालचं मॉडेल घ्या.

गाडी बोटीनं भारतात नेऊ, असंही काही जण मनात धरून असतात. इथल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं आणि भारताच्या आयात नियमांना ते उजवीकडे लागतं. ती वाट बंद आहे.

विकायच्या वेळी बँकेकडून दहा दिवसांचा "पे-ऑफ" आकडा (तेवढ्या दिवसांत कर्ज पूर्ण फेडायला लागणारी रक्कम) मागवा आणि टायटल कधी मिळेल ते विचारा. ते हाती यायला वेळ लागणार असेल आणि तुमचं तिकीट आधीचं असेल, तर इथल्या विश्वासू मित्राच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. न्यू जर्सीत नंबर प्लेट गाडीबरोबर जात नाहीत. दोन्ही काढून मोटर व्हेइकल कमिशनला परत करा, पावती घ्या आणि ती हातात आल्यावरच विमा बंद करा.