जळगाव-धुळ्याच्या उन्हात इंग्लिश गुलाब लावायचाय?
इंग्लिश गुलाब म्हणजे डेव्हिड ऑस्टिन या इंग्रज गुलाब-पैदासकाराचे गुलाब, इंग्लंडच्या थंड हवेत तयार झालेले, तिथं झुडूप आटोपशीर राहतं, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की फूल लहान येतं आणि दुपारपर्यंत पाकळ्यांच्या कडा करपतात, म्हणून आधी जागा बघा, व्हरायटी नंतर. सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि दोननंतर सावली, अशी घराची पूर्वेकडची बाजू बेस्ट.

ग्रॅहम थॉमस, म्हणजे १९८३ साली आलेला यातलाच पिवळा गुलाब, गरम हवेत चांगला जोम धरतो पण फांद्या लांबच लांब काढतो, त्याला सरळ कमानीवर सोडा, कुंडीत कोंडू नका. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरते नि मुळं कुजतात, तर वाफा वीतभर उंच घ्या, शेणखत भरपूर. उन्हाळ्यात बुडाशी केळीच्या वाळलेल्या पानांचं आच्छादन टाका, रावेर-यावलकडं ते काय कमीये का! छाटणी पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात, खरा बहर थंडीतच.

आणि कोकणातल्या पाहुण्यांनी रोप मागितलं तर गच्च पाकळ्यांचं देऊ नका, दमट हवेत कळ्या न उमलताच सडतात.