झिप उघडणाऱ्या प्रोग्रॅमची देखभाल: नव्याने येणाऱ्यांसाठी

फाइली बांधणाऱ्या आणि सोडणाऱ्या प्रोग्रॅमवर, म्हणजे आर्काइव्हरवर, काम करायचं असेल तर एक गोष्ट आधी मनात पक्की करा: इथे जुनं काही मरत नाही. वेबसाइटचा बग काढला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दुरुस्त झालेलं पान दिसतं. आर्काइव्हरने दहा वर्षांपूर्वी चुकीची बांधलेली फाइल मात्र कुणाच्या तरी डिस्कवर तशीच पडून असते, आणि ती नेमकी अडचणीच्या वेळी उघडायला काढली जाते. बांधणारा कोड तुम्ही आज सुधारलात तरी सोडणाऱ्या कोडला ती जुनी चूक कायम सांभाळावी लागते. हे ज्याला कटकटीचं वाटतं त्याने दुसरा प्रोजेक्ट बघावा, हे मी मनापासून सांगतोय.

झिपची रचना तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. १९८९ साली फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअरने ती आणली आणि तिचा तपशील ॲपनोट नावाच्या दस्तऐवजात खुला ठेवला. प्रत्येक फाइलच्या आधी तिचा छोटा हेडर, शेवटी सगळ्यांची मिळून सेंट्रल डिरेक्टरी, आणि त्याही शेवटी ही डिरेक्टरी कुठे आहे ते सांगणारी नोंद. म्हणजे नाव, आकार आणि सीआरसी (डेटा शाबूत आहे का ते पडताळायचा आकडा) दोन ठिकाणी लिहिलेले असतात. दोन्हींत फरक पडला तर काय करायचं, या एका प्रश्नातून निम्मे बग निघतात. तारखेचा घोळही लवकरच भेटेल: मूळ नोंद डॉसची आहे, १९८० पासून सुरू होते आणि दोन-दोन सेकंदांच्या पायरीने चालते. त्यामुळे विषम सेकंद हरवतो आणि ‘फाइल बदलली नाही तरी बदललेली दाखवते’ अशा तक्रारी येतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, आठवडाभरात अंगवळणी पडतं.

आता नावांचं. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण मी सगळ्यात जास्त याच्यातच अडकलो आणि मराठी माणूस यात हमखास अडकतो.

तक्रार साधी होती. झिप सोडली की मराठी नावांच्या जागी कचरा येतो. कचऱ्याकडे नीट पाहिलं तर त्यात एक ठेका दिसतो: ग्रीक अल्फा, मग डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन, मग काहीतरी, पुन्हा अल्फा, पुन्हा एन. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट (हेक्समध्ये) कायम ई० असतो, दुसरा ए४ किंवा ए५. डॉसच्या जुन्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजात (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याच्या तक्त्यात) ई० म्हणजे अल्फा, ए४ म्हणजे तो लाटेचा छोटा एन आणि ए५ म्हणजे त्याचंच मोठं रूप. हा ठेका दिसला की समजायचं, डेटा शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय.

मग डोक्यात पहिला उपाय येतो तो असा: सगळी नावं यूटीएफ-८ धरून वाचा. मी तोच पॅच पाठवला. रिव्ह्यू करणाऱ्याने एक शब्दही न लिहिता त्याला एक फाइल जोडली, डॉसच्या काळात बांधलेली, आत जर्मन नावं. त्यात दोन टिंबांचा यू हा एकटाच ८१ बाइट म्हणून बसला होता, आणि यूटीएफ-८ मध्ये एकटा ८१ चालतच नाही. माझ्या पॅचने ती फाइल उघडेना.

दुसरा उपाय म्हणजे ॲपनोट शब्दशः पाळणे. तिथे म्हटलंय की जनरल पर्पज फ्लॅगमधला ११ क्रमांकाचा बिट लावलेला असेल तर नाव यूटीएफ-८, नसेल तर ४३७. वाचायला स्वच्छ वाटतं. प्रत्यक्षात कित्येक प्रोग्रॅमांनी बिट न लावताच यूटीएफ-८ नावं लिहून ठेवली आहेत, आणि कित्येकांनी त्या-त्या मशीनच्या स्थानिक कोडपेजात. नियम काटेकोर पाळला की तक्रारदाराचा कचरा परत हजर.

टिकणारा मार्ग पायरीपायरीचा आहे. बिट ११ असेल तर विषय संपला. नसेल तर इन्फो-झिपने, म्हणजे मोफत झिप-अनझिप लिहिणाऱ्या गटाने, आणलेलं ७०७५ (हेक्स) क्रमांकाचं जादा फील्ड आहे का बघा. त्यात यूटीएफ-८ नावाच्या जोडीला मूळ नावाचा सीआरसी असतो. तो जुळला तरच ते नाव घ्या. जुळला नाही तर मधे कुठल्या तरी अडाणी टूलने मूळ नाव बदललंय आणि हे फील्ड शिळं झालंय. तेही नसेल तर फाइल कुठल्या सिस्टिमवर बनली तो बाइट बघा आणि नाव यूटीएफ-८ म्हणून वैध आहे का ते तपासा. कोडपेजातला मजकूर चुकून वैध यूटीएफ-८ निघणं दुर्मीळ असतं, म्हणून हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. आणि कधीतरी तो चुकणारच, तेव्हा वापरणाऱ्याला कोडपेज स्वतः सांगता आलं पाहिजे. अनेक लिनक्स वितरणांच्या अनझिपमध्ये त्यासाठी पॅच लावून इंग्रजी मोठ्या ओचा पर्याय (-O) दिलेला आहे.

एवढ्यावर थांबलात तर ‘शेतकऱ्यांची यादी’ तुम्हाला पकडते. यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध ऱ, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिमने नावं सुटी करूनच साठवली, त्यामुळे तिथून आलेल्या झिपमध्ये र आणि नुक्ता वेगवेगळे येतात. लिनक्सवर सोडलं की एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन ‘शेतकऱ्यांची यादी’ उभ्या राहतात. ‘मग सोडताना सगळी नावं एकसंध करून टाकू’ हे सुचेल. करू नका. एकाच झिपमध्ये दोन्ही नावं असू शकतात आणि मग दुसरी फाइल पहिलीवर चढते. वापरणाऱ्याचा डेटा गेला, आणि तोही एकही एरर न देता. नावाचे बाइट आहेत तसे जपा, तुलना करायची असेल तेव्हाच रूपांतर करा, आणि टक्कर दिसली तर थांबून विचारा.

टारमध्ये, म्हणजे युनिक्सच्या जुन्या आर्काइव्ह फॉरमॅटमध्ये, हेच दुखणं लांबीच्या रूपाने येतं. मूळ हेडरमध्ये नावाला १०० बाइट. ‘शेतकऱ्यांची’ या एकट्या शब्दाला ३३ लागतात, कारण मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. नंतर प्रिफिक्सचे १५५ बाइट आले, मग पॅक्स हेडर आले, पण जुन्या कोडमध्ये कुठेतरी नाव शंभरावर कापलेलं सापडतं, आणि कापलेली जागा बरोबर अक्षराच्या मधोमध असते. इंग्रजी नावांवर चाचणी करणाऱ्यांना हे वर्षानुवर्षं दिसत नाही. तुम्हाला पहिल्या दिवशी दिसेल. आपली भाषा इथे कामाला येते, ती बिनधास्त वापरा.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे सगळेच घाईत असतात. २०१९ साली डेव्हिड फिफील्ड यांनी एकमेकांवर चढलेल्या फाइलींचा झिप बॉम्ब दाखवला: ४२ किलोबाइटची झिप सोडली की साडेपाच गिगाबाइट. मार्क ॲडलर यांनी अनझिपसाठी पॅच लिहिला. आत एकावर एक चढलेले भाग दिसले की फाइल नाकारायची. तर्क अगदी बरोबर होता. पण फायरफॉक्सबरोबर येणाऱ्या ओम्नी डॉट जेए या झिप फाइलमध्ये सेंट्रल डिरेक्टरी शेवटी नसून सुरुवातीलाच ठेवलेली असते, आणि ती बिचारी बॉम्ब ठरली. त्यासाठी पुढचा पॅच करावा लागला. ॲडलर हे झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या दोन लेखकांपैकी एक, डिफ्लेट (झिपमधली दाबण्याची नेहमीची पद्धत) त्यांच्याइतकं जाणणारे थोडे. त्यांनाही जंगलातल्या खऱ्या फाइली आधी दिसल्या नाहीत. तुमचा पॅच काहीतरी मोडेल तेव्हा हे आठवा आणि पुढचा पॅच लिहायला बसा.

उलट टोकही माहीत असू द्या. विनरारमध्ये एस (ACE) हा जुना आर्काइव्ह फॉरमॅट सोडणारी एक डीएलएल वर्षानुवर्षं तशीच पडून होती. २०१९ मध्ये तिच्यातून फाइल भलत्याच फोल्डरमध्ये टाकता येते हे उघड झालं. सोर्स हाती नव्हता, दुरुस्ती अशक्य, म्हणून एसचा आधारच काढून टाकला. योग्यच केलं. ज्या कोडला कुणी हात लावू शकत नाही तो ठेवण्यात काही शहाणपण नाही.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी लिहितो. मेंटर शोधत बसू नका. या प्रोजेक्टांचा डोलारा बहुतेक वेळा एक-दोन दमलेल्या माणसांवर उभा असतो. एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या प्रोग्रॅमचं २०२४ चं प्रकरण वाचा: मेंटेनरवर दबाव आणत, मदत करत, विश्वास कमावत एकाने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार घुसवलं, आणि त्याचा माल चाचणीच्या फाइलींत लपवलेला होता. त्यानंतर अनोळखी माणसाने पाठवलेली बायनरी टेस्ट फाइल कुणी डोळे झाकून घेणार नाही, आणि घेऊही नये. तुमच्यावर संशय घेतला गेला तर मनाला लावून घेऊ नका. तुमची टेस्ट फाइल कशी बनवली याची स्क्रिप्ट सोबत द्या, म्हणजे समोरच्याला ती स्वतः बनवून बघता येईल. खरा गुरू म्हणजे गिटचा इतिहास. विचित्र दिसणारी इफ दिसली की गिटचं ब्लेम लावा, ती ओळ कुणी, कधी घातली ते कळतं. बहुतेक वेळा तिच्यामागे कुणाची तरी न उघडणारी फाइल निघते.

‘कोड आधी साफ करतो, मग बग बघतो’ हा शॉर्टकट सगळ्यात महागडा. ती इफ साफसफाईत उडते. एआयकडून पॅच लिहून घेणाऱ्यांनाही हेच: ते ॲपनोट छान पाळून देतं, आणि ॲपनोट पाळल्याने काय होतं ते वर लिहिलंच आहे. आधी नापास होणारी टेस्ट लिहा, ती जुन्या आवृत्तीवर चालवा, मग दुरुस्ती. छोटा पॅच, एकच बदल. महिनाभर उत्तर आलं नाही तर नम्रपणे एकदा आठवण करा. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे, हे मला कुणी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री झोप लागली असती.

फाइल फोल्डरबाहेर लिहिली जाते असं काही सापडलं, म्हणजे नावात दोन टिंबं आणि स्लॅश, किंवा आधी सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) आणि मग त्यातून लिहिणारी दुसरी नोंद, तर ते जाहीर बग म्हणून टाकू नका. प्रोजेक्टच्या सुरक्षा पत्त्यावर खासगीत कळवा.

आणि तक्रारदाराने पाठवलेली मूळ झिप कधीही रिपॉझिटरीत घालू नका. लोक घाबरलेले असतात, पगारपत्रक, आधारच्या प्रती, दवाखान्याचे रिपोर्ट असलेली झिप जशीच्या तशी पाठवतात. हेडरचे बाइट बघा, बिघाड कुठल्या फील्डमध्ये आहे ते शोधा, तेवढाच बिघाड असलेली शून्य बाइटची फाइल आत ठेवून नवी झिप बनवा, आणि त्यांची प्रत तुमच्या मशीनवरून पुसून तसं त्यांना कळवा.