पद्मिनीचा रेडिएटर: विकत घेण्याआधी

प्रीमियर पद्मिनी पहिल्यांदा दुरुस्तीला घेणाऱ्याचा खर्च बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो. गाडी तापते म्हणून नळ्यांच्या तीन रांगांचा नवा रेडिएटर येतो, इलेक्ट्रिक पंखा बसतो, तरी काटा लाल पट्टीकडे सरकतोच. कुर्ल्याला बनलेल्या याच गाड्या मुंबईत वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून भर मे महिन्यात सिग्नलला उभ्या राहिल्या, त्याही तांब्या-पितळेच्या मूळ रेडिएटरवर. तेव्हा मूळ रचना पुरेशी आहे. ती कुठे अडली आहे, ते आधी शोधा.

गाडी कधी तापते, यावरून निम्मं निदान होतं. फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असेल तर हवा कमी पडते आहे: पंखा, बेल्ट, किंवा धुळीने बुजलेली जाळी (रेडिएटरच्या नळ्या आणि त्यांमधल्या पातळ पत्र्या). घाटात किंवा सलग वेगात तापत असेल तर पाणी फिरत नाही, नाहीतर इग्निशन टायमिंग मागे आहे. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या वरच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गास्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, गेलं आहे. तिथे रेडिएटर बदलून उपयोग नाही.

जाळीची परीक्षा दोन प्रकारे करायची. खालचं तोंड बुचाने बंद करून रेडिएटर पाण्याने भरा आणि बूच एकदम काढा. पाणी तोंडभर धो धो पडलं पाहिजे. धार बारीक झाली तर नळ्या चोंदल्या आहेत. दुसरी परीक्षा बरेच जण विसरतात. जाळीच्या पातळ पत्र्यांवर नखाने हलकेच दाबा. किनाऱ्याजवळ राहिलेल्या गाडीत त्या हिरवट होऊन पापडासारख्या तुटतात. नळी गळत नसते, पण पत्रा आणि नळी यांच्यातला डाख (सोल्डर) सुटलेला असतो, म्हणून उष्णता हवेपर्यंत पोचतच नाही. असा रेडिएटर कितीही धुतला तरी तापणारच.

मग नवा कोअर, म्हणजे नवी जाळी, घालायचा. आमचं स्पष्ट मत: टाक्या मूळच्याच ठेवा आणि त्यांवर तांब्या-पितळेचा कोअर बसवून घ्या. ॲल्युमिनियमचा रेडिएटर हलका असतो, चांगला बनवलेला थंडही करतो, पण तो गळाला तर गावोगावचा रेडिएटरवाला डाख देऊन दुरुस्त करू शकत नाही. मूळ दोन रांगा असतील तर तीन रांगांचा मोह आवरा. जाळी जितकी जाड, तितकी हवा ओढायला पंख्याला जड, आणि उभ्या गाडीत पंखा हळूच फिरत असतो. पत्र्या इंचाला 10 ते 12 पुरेत. जास्त दाट जाळी आपल्याकडच्या धुळीने लवकर बुजते. रंग काळा आणि अगदी पातळ मारा.

झाकणाबाबत घाई करू नका. साधं पाणी उघड्यावर 100 अंशांना उकळतं, 0.5 बारच्या झाकणाखाली साधारण 111 ला, 0.9 बारला 118 च्या पुढे. म्हणून जास्त दाबाचं झाकण लावायची इच्छा होते, पण जुन्या टाकीचे डाखाचे सांधे आणि हौज पाइप तो दाब सोसत नाहीत. मूळ झाकणावरचा आकडा पाहून तेवढ्याच दाबाचं घ्या. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. झाकणाचं रबर गेलेली गाडी घाटात का फसफसते, ते यावरून कळेल.

या 1089 सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलं की एकीकडे गंज, दुसरीकडे हेडच्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या जातात, आणि सगळा गाळ ब्लॉकच्या तळाशी, मागच्या सिलिंडरभोवती बसतो. हेड उतरवलेलं असतानाच ब्लॉकचे प्लग काढून तारेने तो गाळ खरवडा. मग लिटरला 40-50 ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घातलेल्या कोमट पाण्याने ब्लॉक धुऊन भरपूर स्वच्छ पाणी सोडा. कॉस्टिक सोडा हेडला लागू देऊ नका, तो ॲल्युमिनियम खातो. हे न करता नवा रेडिएटर लावलात तर पहिल्या महिन्यातच गाळ त्याच्या नळ्यांत जाऊन बसेल.

वॉटर बॉडीला, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाला, पंख्याची पाती धरून हलवून पाहा. खेळ जाणवला किंवा खालच्या भोकातून पाणी ठिबकत असेल तर बदला. बेल्ट अंगठ्याने 10 ते 12 मिलिमीटर दबावा. खालचा हौज पाइप मऊ झाला असेल तर इंजिन रेस केल्यावर तो आत ओढला जाऊन चपटा होतो आणि पाणी तुटतं.

‘थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाका’ हा सल्ला मानू नका. तो नसला तर इंजिन कायम थंड धावतं, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर झिजतात. भांड्यात थर्मामीटरसोबत उकळून पाहा: 80 च्या आसपास उघडायला लागून उकळीपर्यंत पूर्ण उघडला की चांगला.

इलेक्ट्रिक पंखा लावायचाच असेल तर आधी चार्जिंग बघा. जुन्या गाडीतला डायनॅमो आयडलला फारसा करंट देत नाही, आणि पंखा लागतो नेमका तेव्हाच. अल्टरनेटर असेल तर रिले आणि फ्यूजसकट, जाळीच्या मागच्या बाजूला, हवा इंजिनाकडे ओढेल असा बसवा.

कूलंट एक भाग, डिस्टिल्ड वॉटर दोन भाग. आपल्याकडे पाणी गोठत नाही, कूलंट हवा तो गंज रोखायला. भरताना गाडीचं नाक चढाकडे ठेवा, झाकण उघडं ठेवून आयडलवर चालवा. वरचा पाइप एकाएकी गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. आतली हवा निघून पातळी खाली जाईल, तेवढं भरून झाकण लावा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, पातळी पुन्हा पाहा आणि हौज पाइपांच्या क्लिपा एकदा आवळा.