हॉटेलसारख्या कोलस्लॉचे पोषणमूल्य मोजताना या चुका टाळा

कोलस्लॉ ताटात कोशिंबिरीच्या जागी येते, म्हणून त्याचा हिशेबही कोशिंबिरीसारखाच केला जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. कोबी आणि गाजर डोळ्यांना दिसतात, मेयोनीजमधले तेल आणि त्यात विरघळलेली साखर दिसत नाही. आहाराची नोंद ठेवणारे अनेक जण त्यामुळे ‘कोबीचे सॅलड, एक वाटी’ असे लिहून मोकळे होतात. कच्च्या कोबीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 25 किलोकॅलरी असतात. फास्ट फूडच्या दुकानात मिळणाऱ्या गोडसर, मलईदार कोलस्लॉच्या तेवढ्याच वजनात त्या साधारण 150 भरतात.

हा सहापटीचा फरक कुठून येतो, ते घरी करता येण्याजोग्या प्रमाणावरून पाहू. 500 ग्रॅम कोबी, 75 ग्रॅम गाजर, 120 ग्रॅम मेयोनीज, 50 ग्रॅम साखर, 50 मिलिलिटर दूध, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घेतले, तर हॉटेलच्या चवीच्या जवळ जाणारे सुमारे 810 ग्रॅम कोलस्लॉ तयार होते. त्यात कोबीचे 125, गाजराचे सुमारे 30, दुधाचे तेवढेच, साखरेचे 195 आणि मेयोनीजचे 815 असे एकूण जवळजवळ 1200 किलोकॅलरी होतात. वजनाच्या दृष्टीने पाहिले तर या भांड्यात 70 टक्के भाजी आहे, मात्र ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले तर 84 टक्के वाटा मेयोनीज आणि साखर यांचा आहे. ‘यात भाजीच तर जास्त आहे’ हे विधान म्हणजे खोटे नव्हे. ते फक्त वजनाबद्दलचे विधान आहे आणि कॅलरींबद्दल ते काहीच सांगत नाही.

याच प्रमाणानुसार 100 ग्रॅममध्ये सुमारे 11 ग्रॅम स्निग्धांश, 6 ग्रॅम वरून घातलेली साखर, 1.8 ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि 250 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम येते. सोडियमचा निम्म्याहून अधिक भाग चमच्याने घातलेल्या मिठाचा असला, तरी एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग मेयोनीजमधून येतो. मीठ घालताना तो कोणी धरत नाही. साखरेबद्दलही असेच होते. व्हिनेगरचा आंबटपणा तिला झाकून टाकतो, त्यामुळे 200 ग्रॅम कोलस्लॉ खाणाऱ्याने तीन छोटे चमचे साखर खाल्लेली असते आणि जिभेला ती जाणवलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. त्यातली निम्मी एका तोंडीलावण्यातच संपते.

मापाची चूक याहून सोपी, पण नेहमीची आहे. परदेशी पाककृतींतला ‘कप’ हे आकारमानाचे माप आहे. कोरडा, बारीक चिरलेला कोबी एका कपात सैलसर भरला तर 70 ग्रॅमच्या आसपास बसतो. ड्रेसिंग लागून मऊ पडलेले कोलस्लॉ मात्र त्याच कपात पुष्कळ जास्त मावते. म्हणून वाटीने अंदाज बांधू नये, वजनकाटा वापरावा. तळाशी साचलेले पाणीही लक्षात घ्यावे: त्यात साखर, मीठ, ड्रेसिंगचा काही भाग आणि कोबीतून उतरलेले क जीवनसत्त्व असते, त्यामुळे झाऱ्याने निथळून वाढलेल्या भागाचे आणि वाटी तिरकी करून संपवलेल्या भागाचे पोषणमूल्य एकसारखे नसते.

हे पाणी दुसऱ्याही एका चुकीला कारणीभूत ठरते. कोबीत सुमारे 92 टक्के पाणी असते आणि मीठ व साखर ते बाहेर ओढून घेतात. तासाभरात कोलस्लॉ पातळ दिसू लागते, आणि ते पुन्हा दाट व्हावे म्हणून आणखी दोन-तीन मोठे चमचे मेयोनीज घातले जाते. प्रत्येक चमच्यामागे 90 ते 100 किलोकॅलरी वाढतात आणि दोष जिथे होता तिथेच राहतो. चिरलेल्या कोबीला आधी मीठ चोळून, अर्ध्या-पाऊण तासाने पिळून घेतल्यास पाणी आटोक्यात येते, मात्र मग ड्रेसिंगमध्ये पुन्हा मीठ घालू नये. माझ्या मते त्याहून चांगला मार्ग म्हणजे भाजी आणि ड्रेसिंग वेगवेगळे थंड करून वाढण्याच्या थोडे आधी एकत्र करणे. पिळलेल्या पाण्याबरोबर जाणारे क जीवनसत्त्वही त्यामुळे वाचते.

आता ‘हलक्या’ पर्यायांविषयी. आपल्याकडे अंडे नसलेले मेयोनीज सर्रास वापरले जाते आणि अंडे नाही म्हणजे ते हलके, असा समज आहे. मेयोनीजचा जडपणा अंड्यामुळे नसून तेलामुळे असतो. अमेरिकेतील नियमानुसार तर मेयोनीज म्हणवून घेण्यासाठी वजनाच्या किमान 65 टक्के वनस्पती तेल असावेच लागते. अंड्याऐवजी दुधाची पावडर, सोया प्रथिने किंवा स्टार्च घातल्याने तेल आपोआप कमी होत नाही. काही ब्रँडमध्ये ते खरोखरच कमी असते, काहींत नसते, म्हणून पुढच्या बाजूचे हिरवे चिन्ह पाहून न थांबता मागच्या तक्त्यातील 100 ग्रॅममागचा स्निग्धांश वाचावा. केवळ ऑलिव्ह तेल वापरल्यानेही मेयोनीजचे उष्मांक कमी होत नाहीत.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे स्निग्धांश पूर्णपणे काढून टाकणे. गाजरातले कॅरोटीन आणि कोबीतले के जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी थोडे तरी तेल लागते. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या एका अभ्यासात, तेल नसलेल्या ड्रेसिंगसह खाल्लेल्या सॅलडमधून कॅरोटीन जवळपास शोषलेच गेले नाही, असे आढळले होते. म्हणून वर दिलेल्या प्रमाणात मेयोनीज 120 वरून 60 ग्रॅमवर आणावे, उरलेल्या 60 ग्रॅमच्या जागी चक्का घ्यावा, साखर 20 ग्रॅमवर थांबवावी आणि दूध वगळावे. 100 ग्रॅममागे उष्मांक 150 वरून 100 च्या आसपास येतात, दाटपणा टिकतो आणि शोषणापुरते तेलही राहते. चव थोडी बदलते, हे मान्य करायला हवे. चक्क्याऐवजी ताक घालण्याचा मोह टाळावा. अमेरिकी पाककृतींतले ‘बटरमिल्क’ आपल्या ताकापेक्षा बरेच दाट असते आणि घरच्या ताकाने सगळे पातळ होते.

कोलस्लॉ सरसकट निरुपयोगी ठरवणेही बरोबर नाही. ताज्या कोलस्लॉच्या 100 ग्रॅममध्ये 20 मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व मिळू शकते आणि शिजवलेल्या कोबीत उष्णतेने होणारी त्याची हानी इथे होत नाही. के जीवनसत्त्वही भरपूर असते. मात्र वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता कोबीचे प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये, कारण या जीवनसत्त्वाचा त्या औषधावर थेट परिणाम होतो.

बाहेर खाताना अंदाजावर विसंबण्याचे कारण नाही. भारतात दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाचे उष्मांक आणि वाढपाचे प्रमाण देणे नियमाने अपेक्षित आहे. अमेरिकेत हा नियम वीस किंवा अधिक शाखांच्या साखळ्यांना 2018 पासून लागू आहे. तो आकडा वाचताना तो छोट्या वाटीचा आहे की मोठ्या, आणि सँडविचमध्ये भरलेले कोलस्लॉ त्यात धरले आहे की नाही, एवढे मात्र विचारून घ्यावे.