कमी पैशांत व्हिएतनाम: आधी नकाशा कापा, मग तिकीट काढा

व्हिएतनाम स्वस्त आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो लांबलचक आहे, हे मात्र तिकिटं काढून झाल्यावर लक्षात येतं. हनोई ते हो ची मिन्ह सिटी (तिथले लोक अजून सायगॉनच म्हणतात) हा रेल्वेमार्ग 1726 किलोमीटरचा, आणि गाडीला जवळजवळ दीड दिवस लागतो. आठ दिवसांच्या सुट्टीत वरपासून खालपर्यंत सगळं बघायचं ठरवलं, की जेवणात आणि खोलीत वाचवलेला पैसा देशांतर्गत विमानं, सामानाचं जादा भाडं आणि विमानतळाच्या फेऱ्या यांत जातो.

तुकडा निवडा

आठ-दहा दिवस असतील तर तीनपैकी एकच भाग घ्या. उत्तरेला हनोई, निन्ह बिन्ह आणि डोंगर. मध्ये ह्युए, दा नांग, होई आन. दक्षिणेला सायगॉन आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. मुंबईहून हनोई आणि सायगॉनला थेट विमानं आहेत. ज्या टोकाला उतराल तिथूनच परत या.

कुठला भाग, हे सुट्टी कधीची आहे त्यावर ठरतं. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा मध्य व्हिएतनाममध्ये पावसाचा जोर असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या गल्ल्यांतून होड्या चालवायची वेळ येते. त्याच दिवसांत उत्तरेत मात्र हवा कोरडी आणि सुरेख. म्हणून दिवाळीत हनोई आणि निन्ह बिन्ह, फेब्रुवारी ते एप्रिल असेल तर मधला भाग. तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. तो आठवडा टाळा. गाड्या भरलेल्या, भाडी चढलेली आणि दुकानं बंद.

व्हिसा स्वतः काढा

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावर 25 डॉलरना मिळतो, जास्तीत जास्त 90 दिवसांचा. शोधल्यावर वर येणारी बरीच संकेतस्थळं एजंटांची असतात, आणि दिसायला अगदी सरकारी! पत्त्याच्या शेवटी व्हिएतनाम सरकारची ‘gov.vn’ ही खूण आहे का ते बघूनच पैसे भरा.

आपल्या लोकांची चूक इथे नावात होते. पासपोर्टवर आपलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव वेगळ्या. अर्जात मधलं नाव गाळलं तर व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत, आणि भरलेली फी परत मिळत नाही. अक्षर न अक्षर पासपोर्टबरहुकूम भरा. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी अर्ज करा, आणि छापील प्रती दोन ठेवा.

शून्यांशी मैत्री

एका रुपयाला साधारण 300 दोंग. हिशेबाची सोपी रीत अशी: शेवटची तीन शून्यं अंगठ्याने झाका, उरलेल्याला साडेतीनने गुणा. 50,000 दोंगचं जेवण म्हणजे पावणेदोनशे रुपये, किंचित कमीच. विक्रेतेही हजार गाळूनच बोलतात. बोटांनी पाच आणि शून्य दाखवलं तर ते पन्नास हजार.

आता नोटा. 20,000 ची नोट निळी, आणि 500,000 ची सुद्धा निळीच. छटा वेगळी आहे, पण संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात ती कोण बघतो? हनोईत पहिल्याच संध्याकाळी मी शहाळ्यासाठी वीस हजार समजून पाच लाखांची नोट पुढे केली. ती शांतपणे घडी होऊन कमरेच्या पिशवीत गेली. मला कळलं ते हॉटेलवर पोचून पाकीट मोजताना. साडेसोळाशे रुपयांचं शहाळं! त्या दिवसापासून पाच लाखांच्या नोटा पासपोर्टच्या पाकिटात, आणि खिशात फक्त एक लाखापर्यंतच्या. तुम्हीही विमानतळावर उभ्या उभ्याच ही वाटणी करा.

एटीएममधून एकदम मोठी रक्कम काढा, कारण शुल्क प्रत्येक वेळी लागतं. रुपयांत हिशेब करून देऊ का असं यंत्राने विचारलं तर नको म्हणा. तो दर नेहमी वाईट असतो.

पोटाचं बघा

मांसाहारी माणसाला इथे सल्ल्याची गरज नाही. वीस-तीस हजारांत बान्ह मी, म्हणजे भरलेला कुरकुरीत पाव. पन्नास हजारांत फो, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया. शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत होते, आणि ती केवळ एक शब्द माहीत नसल्यामुळे. तो शब्द ‘चाय’. व्हिएतनामी भाषेत चाय म्हणजे शाकाहारी, आणि भाताला म्हणतात ‘कम’. त्यामुळे शाकाहारी खाणावळीच्या पाटीवर जे लिहिलेलं असतं ते आपल्या कानाला ‘कम चाय’ असं लागतं. चहा कमी देणारं हॉटेल समजून पुढे जाऊ नका, आत शिरा.

साध्या खाणावळीत नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. भाजीत माशाचं खारं पाणी, ‘न्युक माम’, पडलेलं असतं, आणि भाज्यांच्या फोचं पाणीही बहुधा हाडांचंच. चाय खाणावळ बौद्ध परंपरेतली, त्यामुळे तिथे ही भानगड नाही; बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, म्हणजे तो न खाणाऱ्यांचीही सोय झाली. ह्युएमध्ये देवळं आणि विहार पुष्कळ, म्हणून अशा खाणावळीही पुष्कळ. काचेमागे परातींत टोमॅटोतलं टोफू, नाळीची भाजी, फणसाची भाजी मांडलेली असते. बोट दाखवायचं, बाई भातावर वाढत जातात, आणि पैसे शेवटी.

तिथले भाविक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवशी एरवीच्या खाणावळींतही चाय पदार्थ दिसतात. कालनिर्णय बघून तारखा ठरवा, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. पण होई आनचा कंदिलांचा उत्सवही दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री असतो. तेवढ्या रात्री खोल्या महागतात, त्यामुळे आधी धरून ठेवा.

फिरायचं कसं

हनोईच्या विमानतळावरून 86 क्रमांकाची केशरी बस जुन्या शहरातून रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. शहरात ‘ग्रॅब’ या ॲपवर चालकासकट मोटारसायकल बोलवा. हेल्मेट चालक देतो. एकटा माणूस असेल तर गाडीपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

लांबच्या प्रवासाला रात्रीची झोपायची बस घ्या, एका रात्रीचं भाडं वाचतं. चढताना चपला काढून पिशवीत घालाव्या लागतात, आणि बर्थ त्यांच्या उंचीच्या बेताचे आहेत. सहा फुटी माणसाने रेल्वेच धरावी. ह्युए ते दा नांग तर सगळ्यांनीच दिवसाच्या रेल्वेने जावं. तीन तासांच्या आत-बाहेर, हाय वान घाट, आणि दक्षिणेकडे जाताना डाव्या खिडकीत समुद्र.

स्कूटर भाड्याने घेऊ नका. दुकानदार परवाना विचारत नाही, पण व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना कराराखालचे आंतरराष्ट्रीय परवाने मानतो, आणि आपल्या आरटीओतला 1949 च्या जिनिव्हा कराराचा असतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. निन्ह बिन्ह आणि होई आनमध्ये बऱ्याच हॉटेलांत सायकल फुकट मिळते, आणि सपाट रस्त्यांवर तीच बरी.

खोली म्हटली तर सामायिक वसतिगृहात दीड ते अडीच लाख दोंगला खाट मिळते, बहुतेकदा नाश्त्यासकट. पोलिसांत पाहुण्याची नोंद करावी लागते म्हणून पासपोर्ट मागतात. नोंद झाली की मागून घ्या.

काटकसर करू नये अशी एक जागा सांगतो. होई आनहून सुमारे 40 किलोमीटरवर ‘मी सन’ नावाच्या ठिकाणी चंपा या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली शिवमंदिरं आहेत, विटांची. 1969 च्या अमेरिकन बॉम्बफेकीत त्यांतली बरीच पडली. प्रवेश फी भरा आणि पहाटेच निघा, उन्हं चढली की विटा तापतात.

शेवटच्या दिवशी खिशात दोंग ठेवू नका, भारतात ते कोणी धड दराने घेत नाही. बाजारातून कॉफी पावडर आणि ‘फिन’, म्हणजे कपावर ठेवायची ती छोटी धातूची गाळणी, घ्या. 86 नंबरच्या बसपुरते 45,000 तेवढे वेगळे काढून ठेवा.